रानभेंडीची तीन झाडं

रिकाम्या मैदानावर एक माणूस पाणी फवारत होता.

जळकोटमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला एक शाळा आहे, तिच्या मागचं मैदान. जूनचा शेवटचा आठवडा, आभाळ भरून आलेलं, पण पडायचं नाव नाही. शाळा सुटलेली. मैदानात गवताची काडी नाही आणि हा गडी पाठीवर पंप लावून दोन खुंट्यांच्या मधून पुढं जातोय, वळतोय, परत येतोय. मनगटावरच्या घड्याळाकडं बघतोय. मध्येच थांबून पंपाचं झाकण उघडून आत डोकावतोय.

मी स्कूटी थांबवली. खरं तर मला उदगीरला पोचायची घाई होती, पण राहवलं नाही.

"अहो... इथं काय फवारताय? इथं तर काहीच उगवलेलं नाही!"

तो वळला. कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, कपाळावर भस्माच्या तीन रेघा – त्यातली एक घामानं पुसलेली.

"पाणी हाय," तो म्हणाला.

"पाणी कशाला?"

"मोजून राहिलोय."

"काय मोजताय?"

"मला."

त्याला बहुतेक माझी दया आली.

"पंपात किती मावतं ते पंपावरच लिहिलंय की. पण पंप घेणारा आदमी किती भरभर चालतो, ते कुठं लिहिलेलं असतंय? माणूस हळू चालला की औषध जास्त पडतं, पीक होरपळतं. पळत सुटला की कमी पडतं, तण हसतं."

मी कृषी पदवीधर, बियाणं कंपनीची क्षेत्र अधिकारी. हीच गोष्ट मी तीन वर्षं गावोगाव सांगत आले होते. आधी साध्या पाण्यानं चाल मोजा, मग तणनाशकाला हात लावा. लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी झाकणानं अंदाजे ओतून मोकळे व्हायचे. ते खरोखर करणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघत होते. तेही कुणी बघत नाही असं समजून करणारा.

"किती येतंय?" मी विचारलं.

"गुंठ्याला पाच लिटर पाहिजे. पहिल्या खेपेला सात गेलं. आता सहा."

"म्हणजे अजून हळू चालताय."

"हाव. पण भरभर निघालो की हात डुलतो."

"आणि हे शेतात का नाही करत?"

तो थोडा लाजला. "माझ्या आईनं, अव्वानं, मला मोकळ्या रानात पाणी फवारताना बघितलं, तर येड लागलं म्हणून उचलून मठात न्हील भस्म लावायला."

मला हसू आवरेना. आणि मग काय सुचलं कोण जाणे... मी स्कूटी स्टँडला लावली, खुंटीपाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी टाळ्या वाजवते. एका टाळीला एक पाऊल. चला."

"लोक बघतील."

"बघू देत."

तो चालू लागला. मी टाळ्या वाजवत होते. रस्त्यावरून जाणारा एक टमटमवाला मान वळवून वळवून बघत गेला. अमरेश – हे नाव मला दुसऱ्या दिवशी कळलं – सरळ पुढं बघत चालत होता. नोझलमधून पाण्याचा पातळ पंखा जमिनीवर पसरत होता आणि सुकलेल्या मातीवर एकसारखा गडद पट्टा उमटत होता. इतका एकसारखा, की मी टाळ्या वाजवायची विसरले.

तो थांबला. "ठेका गेला!"

"सॉरी..."

चौथ्या खेपेला पाच लिटर बरोबर आलं. त्यानं झाकण उघडून मला दाखवलं, एखाद्या मुलानं पाढा पाठ म्हणून दाखवावा तसं. पंप उतरवताना नळी सुटली आणि उरलेलं पाणी माझ्या ओढणीवर आलं.

"साधं पाणी हाय! बिलकुल साधं!" तो घाबरून म्हणाला.

"माहीत आहे. आत्तापर्यंत मीच तर मोजत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या गावातल्या नव्या प्लॉटवर मी पोचले, तेव्हा बांधावर तोच उभा होता. माझ्या हातातली फाइल बघून त्याचा चेहरा जो काय झाला...

"तुम्ही... मॅडम?"

"मी मॅडम. मंजुषा."

"मग काल कामून सांगितलं न्हाई?"

"काल तुम्ही विचारलं नाही."

दीड एकराचा प्लॉट. आमच्या कंपनीसाठी भेंडीचं बियाणं. अमरेशच्या वडिलांनी, म्हणजे संगप्पांनी, दीड एकर त्याच्या हवाली केलं होतं, पण एकाच हंगामापुरतं. बियाणं पास झालं तर पुढं बघू, नाही झालं तर पुन्हा सोयाबीन आणि मग शेतात कुणाचं ऐकायचं यावर चर्चा नाही. गावातले आणखी पाच-सहा जण त्याच्याकडं डोळे लावून बसले होते. याचं जमलं तर पुढच्या साली तेही उतरणार होते.

पेरणी आदल्या दिवशी सकाळीच पाणी देऊन उरकली होती. उगवणीआधीचं तणनाशक दोन दिवसांच्या आत मारायचं, जमिनीत ओल असताना. पण वारा सुटला होता.

"वारं पडल्याशिवाय मारायचं नाही," मी म्हणाले.

"म्हाइत हाय." त्यानं काठीला दोरा बांधून ती बांधावर रोवलेलीच होती. दोरा फडफडत होता.

मग आम्ही कडुलिंबाखाली बसलो. अर्धा तास, एक तास... दोरा काही खाली येईना. त्या चार-पाच तासांनी माझं जे व्हायचं ते झालं, असं आज वाटतं.

त्याची आई पार्वतम्मा चहा घेऊन आली. कप पुढं करताना तिची बोटं मला दिसली. उजव्या हाताची मधली दोन सरळ होत नव्हती. कमरेतही ती वाकलेली. चहा देऊन ती गेली आणि अमरेश तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत म्हणाला,

"पस्तीस वर्षं खुरपं. पावसाळ्यात सकाळी सातला बसायची ते दिवेलागणीला उठायची. लहानपणी मी रांगेत तिच्या मागनं चालायचो, तर मला तिची पाठच दिसायची. तोंड कधी दिसायचंच न्हाई."

मी हातातला कप खाली ठेवला.

"लोक म्हणतेत आळशी हाय, औषध मारतो. म्हणू द्या. मला तिच्या हातातलं खुरपं सोडवायचंय, बस."

दुपारी तीनच्या सुमाराला दोरा सरळ लोंबकळला. त्यानं हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, चष्मा लावला. काही दिसेनासं झालं त्याचं, डोळे सोडून. पण तेवढे पुरेसे होते. तो मागं मागं सरकत फवारत होता, म्हणजे फवारलेल्या मातीवर पाऊल पडू नये. ओळीमागून ओळ, न घाई, न रेंगाळणं. मी बांधावर फाइल उघडून बसले होते आणि एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मग महिनाभर फोनवर फोटो येत राहिले.

"मॅडम, बघा. तणात घोळ न्हाई, माठ न्हाई. केना तेवढा हाय थोडा."

"छान."

"एवढंच?"

"खूप छान."

"केना मी हातानं काढला. आता तरी?"

"आता... खूपच छान."

"चला, आज जेवण गोड लागंल."

मी फोन उशीखाली ठेवायची आणि पुन्हा काढून तो फोटो बघायची. फोटोत काय होतं? भेंडीची रोपं आणि मधली काळी, स्वच्छ माती. पण असा फोटो बघून गाल तापतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आठवड्यातून एकदा प्लॉटवर जाणं माझ्या कामाचाच भाग होता. कधीकधी आठवड्याचे दिवस मी पाचच मोजायचे.

संगप्पासुद्धा आता बांधावर येऊन उभे राहायला लागले होते. शेजारच्या रानात बायका गुडघाभर गवतात बसलेल्या आणि इकडं ओळी कशा धुऊन काढल्यासारख्या. ते काही म्हणायचे नाहीत. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून थांबवायचे, म्हणजे त्यानंही बघावं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात फुलोऱ्याची तपासणी आली. ती करायची होती मला.

सकाळी भुरभुर पडून गेली होती. पिवळी फुलं, तळाशी किरमिजी ठिपका, पाकळ्यांवर थेंब. मी एकेक ओळ चालत होते आणि अमरेश दोन ओळी सोडून माझ्या बरोबरीनं. मधूनच फुलांच्या वरून एकमेकांकडं बघणं होत होतं.

"काही चुकलं का मॅडम?"

"काही नाही."

"मग हसून कामून राहिलाव?"

"तुम्ही खाली बघून चाला."

उत्तरेच्या कडेला मला ते झाड दिसलं. फूल पिवळंच, पण जरा लहान. पान अधिक कातरलेलं, देठावर राठ लव. मी ते पाहिलं... आणि दोन पावलं पुढं गेले. ती दोन पावलं मी विसरणार नाही. मग थांबले आणि मागं आले.

रानभेंडी. त्या कडेच्या चार ओळींत मिळून तीन झाडं. तिन्ही फुललेली.

बियाण्याच्या प्लॉटमध्ये रानभेंडी म्हणजे दुखणंच. मधमाशी या फुलावरून त्या फुलावर जाते आणि पुढच्या साली शेतकऱ्याच्या रानात निम्मी भेंडी निम्मी जंगली असं काहीतरी उगवतं. आमच्याकडं एकही झाड चालत नाही.

संगप्पा धावत आले. अमरेश झाडापाशी उकिडवा बसला होता.

"एवढं औषध मारलं, मग हे कसं राहिलं?" त्यानं हळूच विचारलं.

"कारण हे भेंडीच्याच भावकीतलं आहे. ज्या औषधानं भेंडीला काही होत नाही, त्यानं यालाही काही होत नाही. औषधाला दोघांतला फरक कळत नाही. तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो."

"बाई," संगप्पा म्हणाले, "तीनच तर झाडं हायत. आत्ता उपटून फेकतो. तुमी लिहू नका. कुणाला कळणार हाय?"

माझ्या हातात पेन होतं. मी अमरेशकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्यानं लिहिणं झालं नसतं.

तोच बोलला. "लिहा मॅडम."

"अरे, पर..."

"आप्पा, ह्यो फुलोरा कवाचा हाय कुणाला म्हाईत? हे बी उद्या कुण्या तरी माणसाच्या रानात जाणार हाय. तो चार महिने राबंल आणि त्याला काय मिळंल? लिहा. जे हाय ते लिहा."

मी लिहिलं. उत्तरेकडच्या आठ ओळी काढून टाकाव्यात, बाकीचा प्लॉट झाडन् झाड तपासावा, दहा दिवसांनी फेरतपासणी. सही करून मी फाइल मिटली.

पार्वतम्मा बांधावर येऊन उभी राहिली होती. अमरेशनं उपटलेलं झाड तिनं हातात घेतलं, पानावरून ती वाकडी बोटं फिरवली.

"मी पंधरा दिवसामागंच म्हणले व्हते तुला," ती अमरेशला म्हणाली. "घरातनं ह्या कडेचं दिसतंय. ह्याच्या पानाचा रंग मला येगळा वाटला व्हता. तर तू म्हणलास, अव्वा तू रानात येऊ नको, तू आराम कर."

अमरेशचा चेहरा उतरला. एवढा वेळ त्यानं धीर धरला होता, तो त्या एका वाक्यानं गेला.

"मला वाटलं... तुला पुन्हा रानात नको आणायला."

"खुरपं नको म्हणले रे, डोळे काय फुटलेत माझे?"

परत येताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटी थांबवून बराच वेळ उभी राहिले. मला त्या तीन झाडांचं वाईट वाटत नव्हतं. ती दोन पावलं टोचत होती. तपासायला गेलेली मी... झाड दिसूनही पुढं गेले होते, कारण तो रुसावा असं मला वाटत नव्हतं. आणि ज्याच्यासाठी गेले होते, त्यानंच मला मागं आणलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना अर्ज दिला. हा प्लॉट माझ्याऐवजी मृत्युंजय सरांकडं द्यावा. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक'. मृत्युंजय सर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत कडक तपासनीस. साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि खाली सही केली.

अमरेशचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. चौथ्यांदा संदेश आला: "मॅडम, राग आला का? आठ ओळी काढल्या. अव्वा रोज सकाळी दोन तास रानात चालते. हातात काठी, ताठ उभी. ती काठीनं दाखवते, मी उपटतो. अजून सहा सापडली, फुलायच्या आधीच. माझ्या एकट्याच्या डोळ्यांना एकही दिसलं नसतं."

मी तो संदेश कितीदा वाचला ते सांगत नाही.

फेरतपासणीच्या दिवशी मी जायचं कारण नव्हतं. गेले. पण शेताबाहेर, रस्त्यावरच थांबले. पाऊस लागला होता, बारीक. स्कूटीपाशी छत्री धरून मी उभी आणि आत मृत्युंजय सर रेनकोट घालून एकेका झाडापाशी वाकतायत. त्यांच्या मागं संगप्पा, हात मागं बांधून, आणि काठी घेऊन पार्वतम्मा.

अमरेशनं मला पाहिलं. तो बांधापर्यंत आला आणि अलीकडंच थांबला. केस भिजून कपाळाला चिकटलेले.

"आत या की."

"आत यायचा हक्क नाही मला. प्लॉट आता माझ्याकडं नाही."

"तेच तर ईचारायचंय. कामून सोडला? आप्पा त्या दिवशी तसं बोलले म्हणून? त्यांच्या वतीनं मी माफी..."

"नाही हो!"

"मग?"

छत्रीवर पाऊस वाजत होता. मी त्याच्या चपलांकडं बघत होते, काळ्या मातीनं जड झालेल्या.

"तपासणाऱ्याची नजर साफ पाहिजे," मी म्हणाले. "माझी नाही राहिली."

"म्हणजे?"

"त्या दिवशी ते पहिलं झाड मला दिसलं आणि मी पुढं गेले. दोन पावलं. मुद्दाम. परत आले, पण गेले होते ना... तुमच्या रानात आले की मला तण दिसत नाही, अमरेश. अजून कसं सांगू?"

मला वाटलं, चुकलंच आपलं. मग मी वर बघितलं.

तो हसत होता. म्हणजे, हसू दाबायचा प्रयत्न करत होता आणि ते जमत नव्हतं.

"मॅडम..."

"आता मी तुमची मॅडम नाही."

"मग?"

"ते तुम्ही ठरवा."

त्यानं एकदा मागं वळून बघितलं, सर अजून लांब होते. मग अगदी हळू, पहिल्यांदाच म्हणायचं म्हणून जपून म्हणाला,

"मंजुषा."

माझं नाव एवढं चांगलं आहे, हे मला माहीत नव्हतं.

"मी कंपनीला पत्र लिहायलो होतो," तो म्हणाला. "की प्लॉट नापास करा पाहिजे तर, पण मॅडमला परत पाठवा. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं."

"काय लिहिलं होतं?"

"लई काही. पाठवण्याजोगं काहीच न्हाई."

तेवढ्यात मृत्युंजय सर चिखलातून बांधाकडं आले. त्यांनी रेनकोटच्या आतून कागद काढला, तो भिजू नये म्हणून माझ्या छत्रीखाली धरला आणि सही केली.

"बत्तीस वर्षं प्लॉट बघतोय," ते संगप्पांना म्हणाले. "एवढं स्वच्छ रान मी चार-पाच वेळाच पाहिलं असेल. एकही नाही. औषध कुणी मारलं?"

"पोरानं," संगप्पा म्हणाले. "आणि निवडलं हिनं." त्यांनी पार्वतम्माकडं बोट केलं.

सरांनी पार्वतम्माला हात जोडले. नुसते नाही, चांगले वाकून. तिला काय करावं कळेना, तिनं पदर पुढं ओढला. मग संगप्पा मुलाकडं वळून म्हणाले, "पुढच्या साली तीन एकर घे. मी ईचारणार न्हाई." एवढं बोलून ते सरांना सोडायला गाडीपर्यंत गेले.

पार्वतम्मा काठी टेकत बांधापाशी आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग अमरेशला पाहिलं. पुन्हा मला.

"प्लॉट पास झाला न्हवं? मग आता तरी आत ये, पोरी. बाहीर कामून भिजायलीस?"

मी छत्री मिटली. अमरेशनं हात पुढं केला आणि मी बांध ओलांडला. पाय घसरला, तसा त्यानं हात घट्ट धरला. पाय स्थिर झाल्यावरही सोडला नाही.

"लातूरची हाइस म्हणून ह्यो सांगत व्हता. कुण्या भागात राहतीस?" पार्वतम्मानं विचारलं.

"गंजगोलाईजवळ. बाबांचं भुसार मालाचं दुकान आहे."

"बरं. सांग त्यांना, रविवारी आम्ही यायलाव."

"अव्वा!" अमरेशचे कान लाल झाले होते. "आत्ता तर कुठं बोललो आम्ही. ती अजून हो म्हणली न्हाई..."

"तुमी बोला की सावकाश. मी नुसता वार सांगून ठिवते."

अमरेश माझ्याकडं बघायला लागला. त्या डोळ्यांत भीती होती आणि आशाही.

"रविवारी दुपारी या," मी म्हणाले. "सकाळी बाबा दुकानात असतात."